कोलेस्टेरॉल बिघडलेलं असताना धमन्यांची सोनोग्राफी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रक्ताच्या रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉल दिसतंच आहे. सोनोग्राफीने आणखी काय कळणार?

रक्ताच्या रिपोर्टमध्ये आजचा आकडा असतो. तो आकडा किती वर्षं तसाच आहे आणि धमनीच्या भिंतीवर त्याचा काय परिणाम झालाय, हे त्यात दिसत नाही. एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १६० असलेली दोन पन्नाशीची माणसं घ्या. एकाच्या धमन्या साफ असतात, दुसऱ्याच्या दोन-तीन ठिकाणी थर साचलेले असतात. रक्तदाब, तंबाखू, मधुमेह, अनुवंशिकता, एलपी(ए) (अनुवंशाने ठरणारा एलडीएलसारखा कण) अशी कारणं त्यामागे असतात आणि ती एका लिपिड प्रोफाइलमध्ये मावत नाहीत. सोनोग्राफीत भिंत प्रत्यक्ष बघता येते. म्हणून ही तपासणी रक्ततपासणीला जोड म्हणून करायची, रक्ततपासणीऐवजी नव्हे.

धोका हृदयाला, मग तपासायची मान का?

मानेतली कॅरोटिड धमनी कातडीपासून जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर आत असते, तिच्या वाटेत हाड येत नाही आणि ती सहा-सात मिलिमीटर रुंद असते. हृदयाच्या धमन्या याच्या निम्म्या जाडीच्या, छातीच्या पिंजऱ्याआड आणि सतत हलणाऱ्या. बाहेरून लावलेल्या प्रोबने (सोनोग्राफीच्या हातात धरायच्या उपकरणाने) त्यांच्या भिंतीतला थर दिसत नाही.

चरबी साचण्याचा आजार सहसा एकाच धमनीत थांबत नाही. मानेत प्लाक (भिंतीत साचलेला चरबीचा थर) असेल, तर हृदयाच्या धमन्यांतही असण्याची शक्यता वाढते. उलटं मात्र खात्रीने म्हणता येत नाही. मान साफ आहे म्हणून हृदयाच्या धमन्याही साफ, असा निष्कर्ष काढू नका.

ही तपासणी नेमकी कोणी करून घ्यावी?

ज्यांचा उपचाराचा निर्णय अधांतरी आहे, त्यांनी. म्हणजे एलडीएल वाढलेलं आहे, वय चाळीस ते सत्तरच्या दरम्यान, धोका मोजण्याच्या तक्त्यात तुम्ही ‘कमी’ किंवा ‘मध्यम’ गटात येता, आणि कोलेस्टेरॉलची गोळी (स्टॅटिन) सुरू करावी की नाही यावर तुमचं आणि डॉक्टरांचं ठरत नाही. अशा वेळी प्लाक दिसला तर पारडं उपचाराकडे झुकतं. युरोपच्या हृदयरोग आणि अॅथेरोस्क्लेरोसिस संघटनांच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेत कॅरोटिड किंवा मांडीच्या धमनीतला प्लाक बघण्याला याच कामासाठी जागा दिली आहे.

ज्यांना हार्ट अॅटॅक किंवा पक्षाघात होऊन गेलाय, ज्यांना स्टेंट बसलाय, ज्यांचं एलडीएल १९० च्या वर आहे, त्यांना गोळी लागणारच आहे. त्यांच्यात ‘गोळी द्यावी का’ हे ठरवण्यासाठी सोनोग्राफी करणं म्हणजे वेळ घालवणं. आणि तिशीतला निरोगी माणूस, सगळे आकडे जागच्या जागी, त्यालाही नको.

इथे एक फरक लक्षात ठेवा. कसलाही त्रास नसलेल्या सर्वसाधारण लोकांमध्ये कॅरोटिडचा अरुंदपणा शोधत फिरू नका, असा सल्ला अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०१४ मध्ये दिला आणि २०२१ मध्ये कायम ठेवला. तो सल्ला ऑपरेशन करण्याजोगं ब्लॉकेज हुडकण्याबद्दल आहे. आपण इथे बोलतोय ते धोक्याची पातळी ठरवण्याबद्दल. तपासणी एकच, हेतू वेगळा.

उपाशीपोटी जायचं का? गोळ्या बंद ठेवायच्या का?

नाही आणि नाही. गळ्यातले दागिने काढा, उंच कॉलरचा किंवा बंद गळ्याचा कपडा टाळा. मानेवर पूर्वी ऑपरेशन झालं असेल किंवा रेडिएशन दिलं असेल तर आधीच सांगा. रेडिएशनमुळे भिंत वेगळ्या कारणानेही जाड होते.

तपासणी करताना काय करतात?

तुम्ही उताणे झोपता, हनुवटी थोडी वर, मान तपासायच्या बाजूच्या विरुद्ध दिशेला साधारण ४५ अंश वळवलेली. मान जास्त वळवली की मानेचा मोठा स्नायू ताणला जातो आणि प्रोब नीट टेकत नाही. प्रोब सरळ पट्टीचा, ७ मेगाहर्ट्झ किंवा त्याहून जास्त फ्रिक्वेन्सीचा लागतो. पोटाच्या सोनोग्राफीचा वक्र प्रोब इथे चालत नाही. स्क्रीनवरची खोली साधारण ४ सेंटिमीटरवर ठेवली की धमनी पुरेशी मोठी दिसते.

सुरुवात आडव्या छेदाने. गळ्याच्या तळापासून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत प्रोब सावकाश सरकवत नेतात, त्यात धमनी गोल दिसते. वाटेत ती थोडी फुगते, तो बल्ब, आणि तिथून दोन फांद्या फुटतात. मेंदूकडे जाते ती आतली कॅरोटिड, चेहऱ्याकडे जाते ती बाहेरची. बाहेरच्या फांदीला मानेतच उपफांद्या असतात, आतलीला नसतात. तरीही शंका राहिली तर कानासमोर बोटाने टकटक करतात. बाहेरच्या फांदीच्या डॉपलर (रक्ताचा वेग दाखवणाऱ्या) आलेखात ती टकटक दातेरी होऊन उमटते.

नंतर प्रोब उभा फिरवून तोच प्रवास लांबीच्या छेदात करतात, तोही पुढून, बाजूने आणि मागून अशा किमान दोन-तीन कोनांतून. प्लाक बहुतेकदा धमनीच्या एकाच बाजूला असतो. एकाच कोनातून पाहिलं तर तो सरळ निसटतो. शेवटी कलर (रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारं चित्र) आणि डॉपलर. दोन्ही बाजू मिळून वीस-तीस मिनिटं लागतात. पाच मिनिटांत उरकलेल्या तपासणीत प्लाक नीट शोधला गेला असण्याची शक्यता कमी.

यात किरणोत्सर्ग नाही, सुई नाही, दुखत नाही. प्रोब हलक्या हाताने धरायचा असतो, कारण बल्बपाशी रक्तदाबाची संवेदना घेणाऱ्या नसा असतात आणि तिथे जोर दिला तर काहींची नाडी मंदावते, घेरी येते. तसं वाटलं तर लगेच सांगा.

आयएमटी म्हणजे काय आणि ती कशी मोजतात?

धमनीच्या भिंतीचे तीन थर असतात. आतले दोन, इंटिमा आणि मीडिया, यांची मिळून जाडी म्हणजे आयएमटी. सोनोग्राफीत लांबीच्या छेदात धमनीची खालची भिंत दोन समांतर पांढऱ्या रेषांसारखी दिसते, मध्ये बारीक काळी पट्टी. पहिली रेषा रक्त आणि इंटिमाच्या सीमेची, दुसरी मीडिया आणि बाहेरच्या थराच्या सीमेची. पहिल्या रेषेच्या वरच्या कडेपासून दुसऱ्या रेषेच्या वरच्या कडेपर्यंत जे अंतर, ती आयएमटी. ही दुहेरी रेषा म्हणजे ऊतींमधली खरीखुरी जाडी आहे, हे इटलीतल्या पिग्नोली आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखवलं.

मोजायची ती प्रोबपासून दूरची भिंत. जवळच्या भिंतीत आवाजाची लहर आधी बाहेरच्या चकचकीत थरावर आदळते आणि त्याचा पांढरेपणा आतल्या थरावर सांडतो. मग गेन (चित्राचा उजळपणा) थोडा वाढवला की जाडी वाढलेली दिसते, कमी केला की घटलेली. दूरच्या भिंतीत हा घोळ नसतो.

जागा ठरलेली: बल्ब सुरू होण्याआधीचा सामान्य कॅरोटिडचा (म्हणजे फांद्या फुटण्याआधीच्या मूळ धमनीचा) शेवटचा १ सेंटिमीटर, जिथे प्लाक नाही अशा भागात. वेळही ठरलेली: हृदय सैल पडल्याच्या अखेरीस, म्हणजे ईसीजीच्या आर लाटेवर. ठोक्याबरोबर धमनी फुगते तेव्हा तिची भिंत ताणून काही शतांश मिलिमीटरने पातळ होते. आपण शोधतोय तो फरकही एवढाच असतो, त्यामुळे ही वेळ चुकवून चालत नाही.

१० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ऊतींमध्ये सुमारे ०.१५ मिलिमीटर असते. म्हणजे दोन ठिपके हाताने ठेवून घेतलेलं ‘०.७३ मिमी’ हे माप दिसतं तेवढं काटेकोर नसतं. म्हणून चांगल्या यंत्रात १० मिलिमीटर लांबीवर सॉफ्टवेअर कडा ओळखतं आणि शेकडो बिंदूंची सरासरी काढतं. तपासणाऱ्याने फक्त त्या कडा खरोखर भिंतीवरच बसल्या आहेत ना, हे बघायचं.

माझी आयएमटी ०.९ आली. हे जास्त आहे का?

वय सांगितल्याशिवाय उत्तर देता येत नाही. वयानुसार भिंत जाड होतेच, वर्षाला सरासरी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. सत्तरीत ०.९ फारसं वावगं नाही, पस्तिशीत तेच माप खटकतं. म्हणून माप त्याच वयाच्या, त्याच लिंगाच्या लोकांच्या तक्त्यावर ठेवून शतमक (शंभरात कितवं स्थान) काढतात. ७५ व्या शतमकापलीकडे म्हणजे जास्त; २५ ते ७५ म्हणजे सरासरी. रिपोर्टमध्ये नुसता आकडा असेल आणि शतमक किंवा तुलनेचा तक्ता नसेल, तर विचारा.

सरासरी आयएमटी आणि सर्वाधिक आयएमटी ही दोन वेगळी मापं आहेत. सर्वाधिक नेहमी मोठी असते. एका रिपोर्टमधली सरासरी दुसऱ्यातल्या सर्वाधिकशी ताडून ‘वाढली’ म्हणणं ही फार वेळा दिसणारी चूक आहे.

आता थोडं स्पष्ट बोलायला हवं. आयएमटीचा जेवढा बोलबाला झाला, तेवढा तिचा उपयोग नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात दिसलं की नेहमीच्या धोक्याच्या तक्त्यात सामान्य कॅरोटिडची आयएमटी जोडून भाकितात नगण्य सुधारणा होते. अमेरिकन मार्गदर्शिकांनी २०१० मध्ये तिला बऱ्यापैकी स्थान दिलं होतं. २०१३ मध्ये पहिल्या झटक्याचा धोका ठरवण्यासाठी ती नेहमीच्या वापरात नको, असं सांगितलं. भिंत रक्तदाबानेही जाड होते, निव्वळ वयानेही होते. त्या जाडीत चरबीचा वाटा किती, हे आयएमटीत कळत नाही. प्लाकचं तसं नाही.

मग प्लाक कशाला म्हणायचं?

जर्मनीतल्या मानहाइमच्या तज्ज्ञबैठकीच्या सर्वसंमत व्याख्येप्रमाणे भिंतीचा एखादा भाग धमनीच्या पोकळीत किमान ०.५ मिलिमीटर पुढे आला असेल, किंवा आजूबाजूच्या आयएमटीपेक्षा ५० टक्क्यांनी जास्त पुढे आला असेल, किंवा तिथली जाडी १.५ मिलिमीटरच्या वर असेल, तर तो प्लाक. तिन्हींपैकी एक पुरे.

अमेरिकन इकोकार्डिओग्राफी सोसायटीने २०२० मध्ये उंचीवरून श्रेणी सुचवल्या. प्लाक नाही ती श्रेणी शून्य. पुढे आलेला पण १.५ मिलिमीटरपेक्षा कमी उंच, तो पहिली. १.५ ते २.४ ही दुसरी, २.५ किंवा जास्त ही तिसरी. उपचार ठरवताना ‘सौम्य बदल’ किंवा ‘वयोमानानुसार बदल’ असल्या शेऱ्यांपेक्षा ही श्रेणी कितीतरी कामाची. वाचणाऱ्या डॉक्टरांना ‘सौम्य’ म्हणजे किती, हे कळायला मार्ग नसतो.

प्लाक शोधायची मुख्य जागा बल्ब आणि आतल्या कॅरोटिडची सुरुवात. रक्ताचा प्रवाह तिथे भिंतीला घासून सरळ जात नाही, भोवरा घेतो, रेंगाळतो. अशाच ठिकाणी एलडीएलचे कण भिंतीत शिरून अडकतात. ज्या भागात आयएमटी मोजतात, त्या सरळ भागात प्लाक बराच उशिरा येतो. त्यामुळे ‘आयएमटी नॉर्मल’ असं लिहिलेल्या माणसाच्या बल्बमध्ये दोन मिलिमीटरचा प्लाक असू शकतो. केवळ आयएमटी मोजून थांबलेली तपासणी अर्धीच म्हणायची.

‘मऊ प्लाक’, ‘कॅल्सिफाइड प्लाक’ यांत जास्त वाईट कुठला?

काळपट दिसणारा प्लाक म्हणजे त्यात चरबी किंवा रक्तस्राव जास्त. पांढरट म्हणजे तंतुमय. चमकदार आणि मागे काळी सावली टाकणारा म्हणजे कॅल्शियम साचलेला. काळपट आणि खडबडीत पृष्ठभागाचा प्लाक फुटण्याची शक्यता अधिक मानली जाते. पण कॅल्शियमवाला प्लाक ‘जुना, म्हणजे निरुपद्रवी’ असं समजू नका. तो असणं हीच आजार मुरल्याची खूण आहे. शिवाय त्याच्या सावलीत काय दडलंय ते दिसत नाही, तिथलं माप अंदाजाने लिहू नये.

काळपट प्लाकची अडचण अशी की तो रक्तासारखाच काळा दिसतो आणि साध्या करड्या चित्रात सुटतो. कलर लावल्यावर तिथे रंग भरत नाही, तेव्हा तो उघडा पडतो. मात्र कलरचा गेन जास्त असेल तर रंगच प्लाकवर सांडतो आणि तो पुन्हा झाकला जातो.

रिपोर्टमध्ये पीएसव्ही, ईडीव्ही आणि टक्केवारी आहे. ते कसं वाचायचं?

पीएसव्ही म्हणजे ठोक्याच्या वेळचा सर्वाधिक वेग, ईडीव्ही म्हणजे ठोक्यांमधल्या विश्रांतीअखेरचा. वाट अरुंद झाली की रक्त तिथून वेगाने जातं, त्यावरून अरुंदपणा ठरवतात. अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या २००३ च्या सर्वसंमतीनुसार आतल्या कॅरोटिडमध्ये पीएसव्ही १२५ सेंमी प्रतिसेकंदपेक्षा कमी असेल तर अरुंदपणा ५० टक्क्यांच्या आत. १२५ ते २३० म्हणजे ५० ते ६९ टक्के. २३० च्या वर म्हणजे ७० टक्के किंवा जास्त. आतली आणि सामान्य कॅरोटिड यांच्या वेगांचं गुणोत्तर २ च्या आत, २ ते ४ आणि ४ च्या वर, हेही त्याच पायऱ्यांशी जुळायला हवं. जुळत नसेल तर कुठेतरी गडबड आहे. धमनी जवळजवळ बंद झाली की वेग उलट घसरतो. दुसऱ्या बाजूची पूर्ण बंद असेल तर या बाजूचा उगाच वाढतो.

कोलेस्टेरॉलच्या बहुतेक रुग्णांना याहून महत्त्वाची गोष्ट: ५० टक्क्यांच्या आतला प्लाक वेग फारसा बदलत नाही. ‘डॉपलर नॉर्मल’ हे ‘प्लाक नाही’ याच्या बरोबरीचं नाही.

टक्केवारी व्यासाची की क्षेत्रफळाची, तेही बघा. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ ७५ टक्क्यांनी घटतं. एकच प्लाक एका रिपोर्टमध्ये ५० आणि दुसऱ्यात ७५ असा दिसून घरात घबराट उडते.

दोन ठिकाणी केली, दोन वेगळे रिपोर्ट आले. कोण चुकलं?

कदाचित कोणीच नाही. वर सांगितलेल्या गोष्टींपैकी एक जरी बदलली तरी आकडा हलतो: कुठल्या सेंटिमीटरवर मोजलं, ठोक्याच्या कुठल्या क्षणी, सरासरी की सर्वाधिक, गेन किती. प्रोब धमनीच्या मध्यातून न जाता तिरका गेला तर भिंत जाड भासते. मध्यातून गेल्याची खूण म्हणजे वरच्या आणि खालच्या, दोन्ही भिंतींवर दुहेरी रेषा एकाच वेळी स्वच्छ दिसणं.

तिरक्या छेदात बल्बच्या वळणावरची भिंत प्लाकसारखी दिसते. म्हणून नियम असा, की लांबीच्या छेदात दिसलेला प्लाक आडव्या छेदातही दिसला पाहिजे. नाही दिसला तर तो लिहू नये.

डॉपलरमध्ये घोळ कोनाचा. प्रवाहाशी कोन ६० अंश किंवा कमी ठेवायचा. ६० ला असताना कोनरेषा ५ अंशांनी चुकीची ठेवली तर वेग १८ टक्क्यांपर्यंत चुकतो. ७० ला तीच चूक ३० टक्क्यांच्या पुढे जाते. ११० चा वेग १३० दिसायला एवढं पुरतं आणि माणूस एका रेघेने वरच्या गटात जातो.

आणि एक अपवाद: तरुण वयात, विशेषतः बाईमध्ये, सामान्य कॅरोटिडची भिंत सगळीकडून सारखी, लांबवर जाड दिसली तर कोलेस्टेरॉलला दोष देण्याआधी ताकायासूसारख्या धमनीदाहाचा विचार करावा. चरबीचा प्लाक असा गोलाकार एकसारखा क्वचितच पसरतो.

सोनोग्राफी साफ आली. आता गोळी बंद करू?

स्वतःहून नाही. साफ धमनी म्हणजे आजपर्यंत दिसण्याजोगं नुकसान झालेलं नाही, इतकंच. मध्यम धोका असलेल्या आणि गोळी अजून सुरू न केलेल्या माणसात डॉक्टर साफ चित्र बघून थोडं थांबायला हरकत नाही म्हणू शकतात. पण एलडीएल १९० च्या वर असेल, मधुमेह असेल, घरात कमी वयात हार्ट अॅटॅक झालेले असतील, तर साफ चित्र हे गोळी टाळण्याचं कारण होत नाही. नुकसान होण्याआधी उपचार मिळाला, असं समजायचं.

प्लाक सापडला. लगेच स्टेंट किंवा ऑपरेशन?

बहुतेकांना दोन्ही लागत नाही. छोट्या प्लाकचा उपचार म्हणजे एलडीएल खाली आणणं, रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवणं, तंबाखू पूर्ण सोडणं. युरोपच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेत जास्त धोक्याच्या गटाला एलडीएल ७० च्या खाली आणि अतिजास्त धोक्याच्या गटाला ५५ च्या खाली, शिवाय मूळ पातळीपेक्षा निम्मं, असं लक्ष्य आहे. तुमचा प्लाक तुम्हाला कुठल्या गटात नेतो, ते त्याच्या आकारावर आणि बाकीच्या आजारांवर ठरतं. अॅस्पिरिन मात्र ‘प्लाक आहे ना’ म्हणून आपल्या मनाने सुरू करू नका. रक्तस्रावाचा धोका बघून ते डॉक्टर ठरवतात.

ऑपरेशनचा विचार येतो तो मोठ्या अरुंदपणात, आणि मेंदूच्या झटक्याची लक्षणं येऊन गेली असतील तर जास्त.

गोळ्या सुरू आहेत. परिणाम बघायला दरवर्षी सोनोग्राफी करावी का?

नको. एका वर्षात आयएमटीत अपेक्षित बदल ०.०१ मिलिमीटरच्या घरात, आणि एकाच माणसाला दोनदा मोजताना होणारी चूक त्याच्या कितीतरी पट. ०.७२ चं ०.६८ झालं तर आनंद नको, ०.७६ झालं तर घबराट नको. शेकडो माणसांची सरासरी काढणाऱ्या संशोधनात हे बदल पकडता येतात. एका माणसात नाही.

संशोधनातही हे माप किती फसवं ठरलं, त्याचं उदाहरण २००८ च्या एनहान्स चाचणीत आहे. अनुवंशिक उच्च कोलेस्टेरॉल असलेल्या ७२० जणांपैकी काहींना नुसतं सिम्वास्टॅटिन (एक स्टॅटिन), काहींना त्याच्या जोडीला इझेटिमाइब हे कोलेस्टेरॉलचं दुसरं औषध दिलं. जोडीच्या गटात एलडीएल स्पष्टपणे जास्त उतरलं, पण आयएमटीत फरक पडला नाही. औषध निकामी आहे, अशी ओरड झाली. २०१५ मध्ये इम्प्रूव्ह-इट चाचणीने मात्र याच औषधाच्या जोडीने हृदयविकाराचे झटके कमी होतात, हे दाखवलं. उपचार कामी येतोय का, हे एलडीएलचा आकडा सांगतो. तो बघायला रक्त द्या: गोळी सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर चार ते बारा आठवड्यांनी.

प्लाकमुळे अरुंदपणा ५० टक्क्यांच्या पुढे असेल तर गोष्ट वेगळी. तिथे ठरावीक अंतराने डॉपलर करतात, तो अरुंदपणावर लक्ष ठेवण्यासाठी.

प्लाक विरघळतो का?

एलडीएल पुरेसं खाली राहिलं तर चरबीचा गाभा आटतो, वरचा तंतुमय थर जाड होतो, फुटण्याचा धोका कमी होतो. आकार थोडा घटू शकतो. नाहीसा होईल अशी आशा ठेवू नका. उपचारानंतर प्लाक जास्त पांढरा, जास्त कॅल्शियमचा दिसला तर तो बिघडलाच असं नाही.

माझं एलडीएल ठीक आहे. ट्रायग्लिसराइड जास्त, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) कमी. मला लागू होतं का?

होतं, आणि अशांच्या बाबतीत सोनोग्राफी बऱ्याचदा उपयोगी पडते. ट्रायग्लिसराइड वाढलेलं असताना एलडीएलचा आकडा मूळ धोका झाकतो. कण लहान आणि संख्येने जास्त असतात, त्यामुळे एलडीएलमधलं कोलेस्टेरॉल बेताचं दिसतं. नॉन-एचडीएल (एकूण कोलेस्टेरॉल वजा एचडीएल) किंवा अपोबी (अशा कणांची संख्या सांगणारं प्रथिन) बघितलं की चित्र उघडं होतं. त्यात बल्बमध्ये प्लाक दिसला तर पुढचा वाद संपतो. एलपी(ए) आयुष्यात एकदा तरी मोजून घ्यावं.

लहान मुलांमध्ये करतात का?

अनुवंशिक उच्च कोलेस्टेरॉल असलेल्या मुलांमध्ये, तज्ज्ञांच्या केंद्रात. या मुलांची भिंत त्यांच्या निरोगी भावंडांपेक्षा दहाव्या वर्षाच्या आसपासच जाड दिसू लागते. अशा २१४ मुलांना लहानपणापासून स्टॅटिन देऊन केलेला वीस वर्षांचा पाठपुरावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भिंत जाड होण्याचा वेग त्यांच्या निरोगी भावंडांइतकाच राहिला. त्याच प्रोबने घोट्यामागची कंडरा (अकिलिस टेंडन) जाड झालीय का, तेही बघता येतं, कारण या आजारात तिच्यात कोलेस्टेरॉल साचतं.

मांडीची धमनीही तपासावी का?

शक्य असेल तर जरूर. स्पेनमधल्या पेसा अभ्यासात ४० ते ५४ वयाच्या, कसलाही त्रास नसलेल्या लोकांमध्ये मानेपेक्षा जांघेकडच्या धमन्यांत प्लाक जास्त जणांना सापडला: ४४ टक्के विरुद्ध ३१ टक्के. जांघेतली धमनीही वरच असते आणि प्रोबही तोच. पाच-दहा मिनिटं जास्त लागतात, एवढंच. तंबाखू ओढणाऱ्यांमध्ये तर ही जागा सोडूच नये.

हाताला पट्टा बांधून करतात ती एफएमडी तपासणी कशी असते?

दंडातल्या धमनीचा व्यास मोजतात, हाताला बांधलेला रक्तदाबाचा पट्टा वरच्या दाबापेक्षा किमान ५० ने जास्त फुगवून पाच मिनिटं रक्त थांबवतात, मग सोडून धमनी किती रुंदावते ते बघतात. आतलं अस्तर निरोगी असेल तर ती चांगली रुंदावते, कोलेस्टेरॉलने बिघडलेलं असेल तर कमी. पण चार मिलिमीटरच्या धमनीत हा फरक दोन-तीन दशांश मिलिमीटरचा. जेवण, चहा-कॉफी, धूम्रपान, खोलीचं तापमान, सगळ्याने तो बदलतो. संशोधनासाठी उत्तम, तुमच्या गोळीचा निर्णय घ्यायला नाही.

सीटी कॅल्शियम स्कोअर चांगला की सोनोग्राफी?

हृदयाच्या झटक्याचं भाकीत करण्यात कॅल्शियम स्कोअर आयएमटीपेक्षा सरस आहे, यात वाद नाही. तो सीटी स्कॅनवर थेट हृदयाच्या धमन्यांतलं कॅल्शियम बघतो आणि तपासणाऱ्याच्या हातावर अवलंबून नसतो. बदल्यात सुमारे १ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग घ्यावा लागतो, आणि कॅल्शियम न साचलेला प्लाक त्यात मोजला जात नाही. तरुण माणसात स्कोअर शून्य येऊनही मऊ प्लाक असू शकतो. तिथे सोनोग्राफी उपयोगी. एकाने निर्णय झाला असेल तर दुसरी कशाला करायची?

चित्र बघून माणूस औषध नीट घेतो का?

स्वीडनमधल्या व्हिपव्हिझा चाचणीत ३,५३२ जणांची कॅरोटिड सोनोग्राफी केली. निम्म्यांना आणि त्यांच्या डॉक्टरांना निष्कर्ष चित्ररूपात समजावून दिले, बाकीच्यांना दिले नाहीत. वर्षभराने चित्र मिळालेल्या गटाचा मोजलेला धोका कमी होता. निकाल २०१९ मध्ये आला. तेव्हा तपासणी झाल्यावर स्क्रीन दाखवायला सांगायला संकोच करू नका.

चांगल्या रिपोर्टमध्ये काय असायला हवं?

प्लाक आहे की नाही, हे स्पष्ट शब्दांत. असेल तर बाजू, जागा, सर्वाधिक उंची मिलिमीटरमध्ये, रंगरूप आणि पृष्ठभाग. आयएमटी दिली असेल तर कुठे मोजली, सरासरी की सर्वाधिक, आणि शतमक. दोन्ही बाजूंचे वेग आणि गुणोत्तर, टक्केवारी व्यासाची की क्षेत्रफळाची. चित्रं सोबत घ्या, शक्यतो सीडीवर. पुढे कधी तुलना करायची वेळ आली तर नुसता कागद कामाला येत नाही.

कुठल्या लक्षणांत या तपासणीची वाट बघत बसू नये?

एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एका डोळ्यापुढे पडदा आल्यासारखा अंधार होणं. दहा मिनिटांत सगळं ठीक झालं तरीही थेट आपत्कालीन विभाग गाठा. सोनोग्राफीची वेळ घेऊन आठवड्याने जाण्याचं हे दुखणं नव्हे.